शांत नवरदेवासाठी अलिबागची पोपटी: एका दिवसाची बॅचलर पार्टी कशी आखावी

लग्न ठरलेल्या काही मित्रांना गोवा, डीजे आणि रात्रभराचं जागरण मनापासून हवं असतं. त्यांच्यासाठी हा लेख नाही. हा लेख त्या मित्रासाठी आहे जो "माझ्यासाठी काही करू नका रे" म्हणतो, आणि आपण खरंच काही केलं नाही तर त्याला आतून वाईट वाटतं.

अशा माणसाला मध्यभागी बसवून सगळ्यांनी त्याच्याकडे बघत राहिलं की तो अवघडतो. त्याऐवजी सगळ्यांच्या हाताला एक काम द्यावं, ते काम जेवणापाशी संपावं, आणि त्यात तो बाकीच्यांसारखाच एक असावा. मग तो आपोआप बोलता होतो. रायगड जिल्ह्यातली पोपटी, म्हणजे मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, कोंबडी भरून ते शेतात किंवा वाडीत आग लावून भाजणं, हे नेमकं असं काम आहे. मुंबई-ठाण्याच्या सात-आठ मित्रांनी सकाळी निघायचं, अलिबागला पोपटी लावायची, जमलं तर कुलाबा किल्ला बघायचा आणि रात्री जेवायच्या वेळेला घरी पोचायचं, असा दिवस खाली सविस्तर मांडला आहे. हंगाम डिसेंबरअखेर ते फेब्रुवारी. पुण्याच्या मंडळींना अलिबागला जायला एका बाजूने साडेतीन-चार तास लागतात, त्यातच दिवस संपतो. त्यांनी याच दिवसांत हुरडा गाठावा. खालचं बरंचसं नियोजन हुरड्यालाही चालेल.

आधी त्याच्याशी बोला

सरप्राइज ठेवू नका. शांत स्वभावाच्या माणसाला अचानक गाडीत बसवून नेलं की निम्मा दिवस तो सावरण्यातच घालवतो. एकाच मित्राने, जो त्याला सगळ्यात जवळचा आहे त्याने, त्याच्याशी एकांतात बोलावं. ग्रुपवर विचारलेल्या प्रश्नाला तो "काहीही चालेल" एवढंच उत्तर देईल.

विचारायचं ते असं. कोण आलेलं आवडेल, आणि कोण आलं तर मोकळं वाटणार नाही? खाण्यापिण्यात काय वर्ज्य आहे, आणि ते वारानुसार बदलतं का? घरी आणि होणाऱ्या बायकोला काय सांगितलं आहे, किती वाजता परतायचं आहे? यातला पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. शाळेचे, कॉलेजचे आणि ऑफिसचे मित्र एकत्र करायची हौस अनेकांना असते, पण मग नवरदेव दिवसभर ओळखी करून देत बसतो. एकच गट घ्या. बाकीच्यांचं केळवण वेगळं होईल.

गटात मैत्रिणी असतील तर त्यांना बॅचलर पार्टीच्या नावाखाली वगळू नका. ज्या गटात त्याचं रोजचं हसणं-बोलणं चालतं, तोच गट त्याला त्या दिवशी हवा असतो.

त्याने दिलेली उत्तरं बाकीच्यांना सांगताना "त्याने असं म्हटलं" असं सांगू नका. "आपण असं ठरवतोय" म्हणा. कोणाला बोलवायचं नाही याचा वाईटपणा त्याच्याकडे जाता कामा नये.

तारीख

लग्नाआधी किमान तीन आठवडे. हळद लागल्यावर नवरदेवाला घराबाहेर पाठवत नाहीत, आणि त्याच्या आधीचा आठवडा खरेदी, पत्रिकावाटप आणि पाहुण्यांत जातो. शिवाय आपण आगीशी आणि खडकांशी खेळणार आहोत. हाताला चटका बसला, गुडघा खरचटला, ऊन लागून चेहरा रापला, तर तो भरून यायला वेळ हवा.

बऱ्याच घरांत पौषात लग्न काढत नाहीत, त्यामुळे मित्रांचे शनिवार-रविवार त्या महिन्यात जरा मोकळे असतात. परदेशातले मित्रही डिसेंबर-जानेवारीच्या सुट्टीत घरी आलेले असतात. आणि वालाच्या शेंगा नेमक्या तेव्हाच भरतात, कारण भातकापणी झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलाव्यावर वाल पेरलेला असतो. रविवार टाळा. परतीच्या लाँचला, म्हणजे मांडव्याहून मुंबईला येणाऱ्या बोटीला, रविवारी संध्याकाळी जी रांग लागते, तिच्यात दिवसभराचा आनंद संपतो. शनिवार बरा, रजा मिळाली तर शुक्रवार सगळ्यात उत्तम. नवरदेवाच्या आईला एक फोन करून त्या दिवशी केळवण नाही ना, हे विचारून घ्या. शनिवार किंवा गुरुवार पाळणारे कोणी असतील तर तेही आत्ताच लक्षात घ्या.

कुलाबा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर समुद्रात आहे आणि ओहोटीलाच तिथे चालत जाता येतं, म्हणून तारखेबरोबर तिथीही बघावी लागते. किनाऱ्यावरची माणसं तिथीवरून भरतीचा अंदाज सहज बांधतात: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते, आणि त्यानंतर सुमारे सहा तासांनी ओहोटी. षष्ठी घ्या. सहाची पाऊणपट साडेचार, म्हणजे पहाटे साडेचारला भरती आणि सकाळी साडेदहाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. दर दिवशी वेळ पाऊण तासाने पुढे सरकते.

यावरून दिवस दोन प्रकारे लागतो. पंचमी ते सप्तमी असेल तर ओहोटी पावणेदहा ते सव्वाअकराच्या दरम्यान येते. आधी किल्ला, मग पोपटी. नवमी ते एकादशी असेल तर ओहोटी पाऊण ते सव्वादोनच्या दरम्यान. आधी पोपटी, मग किल्ला. एकादशीला कोणाचा उपास निघतो, तेवढं विचारून घ्या. पौर्णिमा-अमावास्येला दुपारी बाराच्या आसपास उधाणाची भरती असते आणि किल्ल्याची वाट संध्याकाळी मोकळी होते, तेव्हा आपल्याला परतायचं असतं. अशा दिवशी किल्ला सोडून द्या. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे कमी जोराची भरती-ओहोटी असते, पाणी फारसं ओसरत नाही, आणि ओहोटीलाही वाटेत पाणी राहू शकतं. मला स्वतःला षष्ठी सगळ्यात सोयीची वाटते. हा हिशेब अंदाजाचा आहे. आठवडाभर आधी भरती-ओहोटीचं अधिकृत वेळापत्रक बघाच, आणि त्या दिवशी किनाऱ्यावरच्या घोडागाडीवाल्यांना विचारल्याशिवाय पाण्यात पाय घालू नका.

माणसं, कामं, पैसे

सहा ते आठ जण. दहाच्या वर गेलात की दोन टोळ्या पडतात आणि नवरदेवाला दोन्हीकडे फिरावं लागतं.

कामं नावानिशी वाटा. एकाकडे लाँच आणि वेळा. एकाकडे पोपटीसाठी जागा देणाऱ्या वाडीवाल्यांशी बोलणं. एकाकडे बाजार. एकाकडे पैसे. आगीशी दोघं, आणि हे दोघं दिवसभर आगीपाशीच राहतील, फोटो काढायला जाणार नाहीत. नवरदेवाकडे शेंगा निवडण्याखेरीज काही नको. आणि त्याला दिवसभरात एकही निर्णय घ्यायला लावू नका. "आता काय करायचं?" हा प्रश्न त्याच्याकडे बघून कोणी विचारायचा नाही. लग्नघरात गेले दोन महिने तो मांडवाच्या रंगापासून पत्रिकेच्या मजकुरापर्यंत रोज निर्णयच घेतो आहे.

पैसे आधी गोळा करा. लाँच, रिक्षा, जागा, सामान आणि नाश्ता धरून माणशी दीड ते दोन हजारांत हा दिवस बसावा. नवरदेवाचा वाटा बाकीच्यांनी उचलायचा. गटात एखाद्याची नोकरी नुकतीच गेलेली असते, एखाद्याच्या घरी आजारपण असतं. खजिनदाराने सगळ्यांकडून स्वतंत्रपणे पैसे घ्यावेत आणि कोणी किती दिले हे ग्रुपवर टाकू नये. कमी-जास्त झालं तर दोन-तीन जणांत मिटवता येतं.

जागा

समुद्रकिनाऱ्यावर आग लावायचा विचार मनातून काढून टाका. अलिबाग, नागाव, आक्षी, किहीम या किनाऱ्यांना सुरूची बनं आहेत आणि खाली सुरूच्या वाळक्या काड्यांचा थर असतो. एक ठिणगी पुरते.

नागाव, आक्षी, चौल, किहीम या पट्ट्यात नारळी-सुपारीच्या वाड्यांमध्ये घरगुती राहण्या-जेवणाची सोय देणारी पुष्कळ घरं आहेत. हंगामात त्यातले बरेच जण पोपटी लावून देतात किंवा लावायला जागा देतात. फोनवर बोलताना स्पष्ट सांगा: मुक्काम नाही, दिवसभर आठ माणसं, पोपटी आम्ही लावणार पण घरातलं कोणीतरी जाणतं माणूस शेजारी हवं. मग विचारा: मडकी, भांबुर्डा (मडक्यात घालायचा रानपाला), पेंढा-गवऱ्या मिळतील का? आग कुठे लावायची? स्वच्छतागृह आणि कपडे बदलायला खोली आहे का? गटात मैत्रिणी असतील तर हा शेवटचा प्रश्न आणखी महत्त्वाचा. गाणी मोठ्याने लावणार नाही हेही आपणहून सांगा. वाडीत लोक राहतात, शेजारी म्हातारी माणसं असतात.

आठ जणांत ज्याचं मूळ गाव अलिबाग, पेण किंवा रोहा आहे असा कोणी निघाला, तर त्याच्या घरच्यांना विचारायला संकोचू नका. पोपटी लावायला माणसं आलेली त्या घरांना आवडतात. फक्त घरच्या बाईमाणसांवर राबायची वेळ आणू नका. भांडी आपण घासायची, उष्टं आपण उचलायचं.

सामान

आठ जणांसाठी दोन मडकी धरा, एक शाकाहारी आणि एक मांसाहारी. एकाच मडक्यात "वरच्या थराला व्हेज" असं करू नका, खालचा रस आणि वाफ सगळीकडे फिरते.

वालाच्या शेंगा चार किलो. कोंबडी दीड किलो, हाडासकट, मोठे तुकडे करून. अंडी एक डझन. बटाटे आणि रताळी मिळून दीड किलो, लहान आकाराची. थोडे छोटे कांदे, हवी तर चार-सहा छोटी वांगी. ओवा ५० ग्रॅम, जाडं मीठ पाव किलो, लिंबं, केळीची पानं. कोंबडीसाठी आलं, लसूण, हिरवी मिरची आणि कोथिंबीर यांचं घट्ट वाटण घरूनच करून न्या. हळद, तिखट, मीठ वाडीवर लावता येतं. शेंगा, कोंबडी आणि भाज्या अलिबागच्या बाजारातूनच घ्या. मुंबईहून कच्ची कोंबडी डब्यात घालून चार तास हिंडवण्यात काही अर्थ नाही.

शेंग निवडताना हिरवी, फुगीर आणि दाण्याने भरलेली बघा. एक सोलून बघा, दाणा टपोरा पण कोवळा हवा. पिवळी पडलेली, सुरकुतलेली शेंग आत कोरडी राहते. भांबुर्डा हे पावसानंतर शेताच्या बांधावर उगवणारं रानझुडूप. त्याला उग्र, ओव्याकडे झुकणारा वास असतो आणि पोपटीची चव निम्मी त्याच्यात आहे. हंगामात शेंगांच्या बरोबरीने बाजारात दिसतो, वाडीवाले बांधावरून काढूनही देतात. स्वतः ओळखीचा नसेल तर रानातून पाला तोडू नका. मडकं साधं, रंग न दिलेलं घ्या. बोटाच्या पेरानं वाजवून बघा, खणखणीत आवाज आला पाहिजे. बोदा आवाज म्हणजे तडा.

याखेरीज: दोन बादल्या पाणी, ओलं करायला गोणपाट, लांब काठी, काडेपेटी, कचऱ्याच्या पिशव्या, टोपी आणि चटका-खरचटल्यासाठी प्रथमोपचाराचं थोडं सामान. आगीजवळच्या दोघांनी सुती कपडे घालावेत, नायलॉनचे जॅकेट पेटलं की अंगाला चिकटतं.

जाणं

गाडीने न जाता लाँचने जा, असं माझं ठाम मत आहे. गाडी म्हणजे दोघांना दिवसभर स्टिअरिंग धरायचं, वडखळच्या आसपास कुठेतरी अडकायचं आणि परतताना झोपेशी झगडायचं. लाँचमध्ये आठही जण एकमेकांसमोर बसतात. गेटवे ऑफ इंडियाहून मांडव्याला साधारण तासाभरात पोचता येतं, आणि बहुतेक लाँचच्या तिकिटातच मांडवा ते अलिबाग बस धरलेली असते. ती वीसेक किलोमीटरची वाट आहे. गाडी न्यावीच लागणार असेल, उदाहरणार्थ कोणाला चालायला त्रास आहे, तर भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला २०२० पासून रो-रो बोट जाते, तिच्यात गाडी चढवता येते. अटल सेतू २०२४ मध्ये सुरू झाल्यापासून रस्त्याचा पहिला टप्पाही सोपा झाला आहे.

सकाळची शक्य तितकी लवकरची लाँच धरा. गेटवेला सगळ्यांनी सुटायच्या अर्धा तास आधी जमायचं. उशीर करणारा मित्र कोण हे सगळ्यांना माहीत असतं, त्याच्या शेजारी राहणाऱ्याने त्याला घेऊन यावं. हिवाळ्यात लाँचच्या मागे सीगल पक्ष्यांचे थवे येतात. लोक त्यांना वेफर्स आणि शेव फेकतात. तुम्ही फेकू नका, पक्ष्यांना ते अपायकारक असतं.

अलिबागला उतरल्यावर नाश्ता बेताचाच करा. मिसळीवर आडवा हात मारलेल्या माणसाला दुपारी पोपटी जात नाही.

किल्ला

पंचमी ते सप्तमीचा क्रम धरून सांगतो. दोघं-तिघं बाजार करून थेट वाडीवर जातात आणि कोंबडीला मसाला लावून ठेवतात. बाकीचे नवरदेवाला घेऊन किनाऱ्यावर. पूर्ण ओहोटीच्या तासभर आधी निघालात तर निवांत बघून होतं. चप्पल घट्ट पट्ट्याची हवी, कारण वाळूच्या खाली खडक आहेत आणि त्यांना शेवाळ असतं. फोन प्लास्टिकच्या पिशवीत.

किल्ल्याचं काम शिवाजी महाराजांनी १६८० मध्ये सुरू केलं आणि ते संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झालं. पुढे हाच कान्होजी आंग्र्यांच्या आरमाराचा तळ झाला. तटाचे मोठाले चिरे चुन्याशिवाय एकमेकांवर बसवलेले आहेत. लाट आदळली की पाणी फटींतून आत शिरतं आणि तिचा जोर मोडतो. आत रघूजी आंग्र्यांनी १७५९ मध्ये बांधलेलं गणपतीचं मंदिर आहे, आणि चारी बाजूंनी खारं पाणी असताना गोड्या पाण्याचा साठा आहे. लग्नाआधी गणपतीला जायचंच असतं. त्याच्या हातून इथे नारळ वाढवा. घरच्या लगबगीत असे शांत पाच मिनिटांचं दर्शन त्याला मिळणार नाही.

पाणी वळायला लागलं की बाहेर पडा. "अजून पाच मिनिटं" म्हणणाऱ्याचं ऐकू नका. उशीर झालाच तर पाण्यातून चालत येण्याचा हट्ट करू नका, आत थांबा किंवा होडीने या.

तिथी जुळली नाही तर चौलचं रामेश्वर मंदिर आणि रेवदंड्याचा पोर्तुगीज कोट बघा, दोन्ही नागावपासून जवळ आहेत. आक्षीच्या किनाऱ्यावर नुसतं चालणंही पुरेसं आहे. तीन ठिकाणं एका दिवसात कोंबू नका.

पोपटी लावणं

दिवसाचा हा मुख्य भाग. शेंगा निवडण्यापासून पहिला घास घेईपर्यंत अडीच तास धरा.

शेंगा स्वच्छ धुऊन निथळत ठेवा. देठ खुडा, पण शेंग फोडू नका. आठ जण गोल बसून शेंगा निवडायला लागले की अर्ध्या तासात होतात, आणि या अर्ध्या तासात ज्या गप्पा होतात त्या ठरवून होत नाहीत. याच वेळी फोन एका टोपलीत ठेवायला सांगा. एक फोन बाहेर राहू द्या, नवरदेवाच्या घरच्यांसाठी.

निथळलेल्या शेंगांना जाडं मीठ आणि ओवा चोळा. बटाटे-रताळ्यांना चिरा देऊन मीठ-मसाला भरा. कोंबडीचे मसाला लावलेले तुकडे तीन-चारच्या पुड्यांत केळीच्या पानात बांधा, बांधायला केळीचं सोपट वापरा.

आता मडकं भरायचं. तळाला भांबुर्ड्याचा जाड थर. त्यावर शेंगांचा थर, मग बटाटे-रताळी, मग शेंगा. कोंबडीच्या पुड्या आणि अंडी मडक्याच्या मधोमध यायला हवीत, कडेला टेकलेलं अंडं फुटतं. मधूनमधून ओवा-मीठ भुरभुरा. पुन्हा शेंगा, आणि शेवटी तोंडाशी भांबुर्डा दाबून गच्च बोळा बसवा. पाणी एक थेंबही घालायचं नाही. शेंगांच्या आणि पाल्याच्या अंगच्या पाण्यावरच सगळं शिजतं. मडकं उचलून हलकेच हलवा. आत काही खुळखुळलं तर अजून जागा आहे, शेंगा भरा.

आगीची जागा आधीच मोकळी केलेली हवी. भोवती दोन-तीन पावलांपर्यंत गवत, पाचोळा, भाताचे वाळके खुंट काढून टाका. वरती नारळाची झावळी लोंबत नाही ना, ते बघा. उथळ खळगा करून त्यात मडकं उपडं ठेवायचं, तोंड जमिनीला टेकवून. भोवती पेंढा, त्याबाहेर गवऱ्या आणि वाळलेली लाकडं, मडकं पूर्ण झाकेल इतकी. मांडणीत गावागावात थोडा फरक असतो. तुमच्या वाडीवाल्यांची जी रीत असेल ती पाळा, त्यांच्या हाताला त्यांचं मडकं ठाऊक असतं.

दुपारी समुद्राकडून वारा सुटतो. माणसांनी वाऱ्याकडे पाठ करून बसायचं, धूर समोरून निघून जाईल. ज्वाळ मडक्याला सगळीकडून सारखी लागली पाहिजे. एका बाजूला आग मंदावली की तिथे सरपण सरकवा. केवळ पेंढ्यावर भरवसा ठेवू नका, तो भसकन पेटतो आणि विझतो. शाकाहारी मडक्याला अर्धा तास ते चाळीस मिनिटं, कोंबडीच्या मडक्याला पाऊण तास.

झालं की नाही हे कळायची जुनी खूण म्हणजे पाण्याचा हबका. तापलेल्या मडक्यावर थोडं पाणी शिंपडा. चर्र आवाज होऊन पाणी तिथल्या तिथे उडालं तर पोपटी झाली. त्याच सुमाराला भाजलेल्या शेंगांचा आणि भांबुर्ड्याचा वास घमघमायला लागतो. निखारे काठीने बाजूला सारा, पाच मिनिटं थांबा, मग ओल्या गोणपाटाने दोघांनी मिळून मडकं सरळ करा. बोळा काढताना चेहरा लांब ठेवा, आत कोंडलेली वाफ एकदम वर येते. केळीच्या पानांवर मडकं रितं करा. कोंबडीचा एक मोठा तुकडा हाडापर्यंत उघडून बघा. आत गुलाबी दिसला तर त्या पुड्या पुन्हा निखाऱ्यात सरकवून दहा-पंधरा मिनिटं ठेवा.

चटका बसलाच तर भाजलेला भाग वीस मिनिटं थंड पाण्याखाली धरा. बर्फ, टूथपेस्ट, हळद काही लावू नका. फोड मोठा असेल तर डॉक्टर गाठा.

पोपटीबरोबर पोळी-भाजी लागत नाही. शेंग दातांत धरून ओढायची, दाणे तोंडात राहतात. लिंबू, कांदा आणि प्यायला ताक, एवढंच ठेवा. पहिली शेंग नवरदेवाला.

मडकं शिजतं तोवर

या पाऊण तासासाठी खेळ, प्रश्नमंजूषा, फजितीचे किस्से काहीच आखू नका. जुन्या प्रेमप्रकरणांचा विषय तर काढूच नका. तो हसेल, पण त्याला ते आवडणार नाही.

एक गोष्ट मात्र जरूर करा: त्याचा उखाणा तयार करून द्या. लग्नात, सत्यनारायणाला, गृहप्रवेशाला त्याला नाव घ्यायला लावणारच, आणि शांत माणसाला त्या क्षणी काही सुचत नाही. आठ डोकी आगीभोवती बसली की दोन-तीन चांगले उखाणे होतात. नमुन्यादाखल एक, रिकाम्या जागी तिचं नाव:

भांबुर्ड्याच्या पाल्याला ओव्याचा वास,
...चं नाव घेतो मित्रांसाठी खास.

त्याच्याकडून तीनदा म्हणवून घ्या, पाठ झाला पाहिजे.

भेट द्यायची असेल तर सगळ्यांची मिळून एकच द्या, आणि ती लाँचमधून नेता येईल अशी असावी. मला विचाराल तर प्रत्येकाने हाताने लिहिलेलं एक पानी पत्र द्यावं. ते तिथे मोठ्याने वाचायचं नाही, त्याने घरी जाऊन वाचायचं.

दारूचं काय?

हे ग्रुपवर आधीच उघड बोलून ठरवा, नाहीतर कोणीतरी पिशवीत घेऊन येतो. माझं मत: या दिवशी नकोच. आग आहे, खडक आहेत, भरतीचं पाणी आहे, आणि ठरलेल्या वेळेला लाँच आहे. किनाऱ्यावर पिणं कायद्याने गुन्हाही आहे. नवरदेवाला पोलीस चौकीत उभं राहावं लागलं तर त्याची आठवण लग्नभर राहील. ज्यांना बसायचंच आहे त्यांनी दुसऱ्या दिवशी आपापल्या घरी बसावं.

समुद्रात पोहायला जाऊ नका, निदान जेवणानंतर तरी मुळीच नाही. घोटाभर पाण्यात चाला.

आवरणं आणि परतणं

परतीची वेळ सकाळीच लाँचच्या खिडकीवर विचारून ठेवा, आणि शेवटच्या लाँचवर विसंबू नका. तिच्या आधीची धरा. मांडव्याला नेणारी बस अलिबागहून लाँचच्या वेळेच्या तासभर तरी आधी सुटते, आणि वाडीपासून बसपर्यंतची रिक्षा वेगळी. म्हणजे साडेपाचची लाँच असेल तर पावणेचारला वाडी सोडायला हवी. रिक्षावाल्याला सकाळीच सांगून त्याचा नंबर घ्या.

निघण्याआधी निखाऱ्यांवर पाणी ओता, काठीने ढवळा, पुन्हा पाणी ओता. हात जवळ नेऊन ऊब लागत नाही ना, बघा. सालं आणि केळीची पानं वाडीच्या खतात टाकता येतात, पण विचारून. प्लास्टिक पिशवीत भरून सोबत घ्या.

शेंगा उरतातच. त्या नवरदेवाच्या घरी पाठवा. दुसऱ्या दिवशी दाणे काढून कांदा-खोबऱ्याच्या वाटणात उसळ झकास होते. फेब्रुवारीअखेर गेलात तर अलिबागच्या पांढऱ्या कांद्याच्या माळा विकायला आलेल्या असतात. भौगोलिक मानांकन मिळालेला, चवीला गोडसर कांदा आहे. त्याच्या आईसाठी एक माळ घ्या, आणि एक होणाऱ्या सासरी.

गेटवेला उतरल्यावर नवरदेवाला एकट्याने लोकलमध्ये सोडू नका, त्याच बाजूला राहणाऱ्या कोणीतरी घरापर्यंत जावं. त्याच रात्री खजिनदाराने हिशेब टाकावा आणि उरलेले पैसे परत करावेत किंवा लग्नाच्या आहेराकडे वळवावेत. फोटो आधी नवरदेवाला पाठवा, त्याने होकार दिलेलेच ग्रुपवर टाका. सार्वजनिक काही टाकायचं असेल तर लग्न होईपर्यंत थांबा.